जानेवारीअखेरपर्यंतची सोय

कोल्ड स्टोअरच्या फ्रीजमधून सावनीनं सवयीनं लबानच्या दोन बाटल्या उचलल्या आणि दार लोटून मागं वळते तोच खिशातला फोन थरथरला. बहारिनमधल्या सनाबिसच्या त्या गल्लीत कोपऱ्यावरच्या दुकानाला सगळे कोल्ड स्टोअरच म्हणत. तिथं साबणापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं मिळे. बाटल्या काखेत धरून तिनं मेसेज वाचला. तिच्या साहेबांचा, मुख्तारभाईंचा होता, ऑफिसातल्या सगळ्यांना मिळून एकच. अमेरिकेचं सरकार उघडलं आहे. उद्या सकाळी सातला गेटवर हजर राहायचं. येणार की नाही हे आज पाचच्या आत कळवायचं. ज्याचं कळणार नाही त्याच्या जागी दुसरं नाव जाईल. खाली एक पिवळा अंगठा. तिनं मेसेज पुन्हा वाचला. बाटल्यांचा गारवा काखेतून बरगड्यांपर्यंत उतरत होता. म्हणजे झालं, असं तिच्या मनात आलं. पण काय झालं, ते पुढं आलं नाही. मग हातातल्या बाटल्यांकडं तिचं लक्ष गेलं. लबान म्हणजे इथलं पातळ ताक. आईला त्याचा वास सोसत नसे, तिला स्वतःलाही ते फारसं आवडत नसे. घरात ते पिणारे एकटे बाबा. उद्या बाबांचा तेरावा होता. तिनं दोन्ही बाटल्या परत फ्रीजमध्ये ठेवल्या, लेबल पुढं करून, होत्या तशा, आणि ज्यासाठी खाली उतरली होती तो नारळ न घेताच दुकानाबाहेर पडली.

बाहेर नोव्हेंबरचं ऊन होतं, सोसण्याजोगं. एरवी या वेळेला ती जुफेअरमध्ये असायची. अमेरिकन आरमाराच्या तळावर जी कुटुंबं राहतात त्यांच्या घरांची देखभाल एका कंपनीकडं होती, आणि त्या कंपनीत सावनी कामांचं वेळापत्रक लावायची. कुठल्या घराला रंग, कुठल्या घरात नवा गालिचा, कुणाच्या स्वयंपाकघरातलं कपाट. ऑक्टोबर लागला आणि वॉशिंग्टनमध्ये खर्चाचा कायदा वेळेत झाला नाही म्हणून सरकार अर्धंमुर्धं बंद पडलं. जहाजं चालू राहिली, गेटवरचे पहारेकरी उभे राहिले, एसी बिघडला तर माणूस जात राहिला. रंग आणि गालिचे मात्र थांबले. मुख्तारभाईंनी सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं होतं, जे अत्यावश्यक नाहीत त्यांनी घरी जायचं, पगार नाही, कामाचा फोन करायचा नाही, मेल उघडायची नाही, देश सोडायचा नाही. उघडलं की एका दिवसात हजर व्हायचं. अत्यावश्यक नाही, हे शब्द इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कुणी उच्चारले नव्हते. ते ऐकून तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला आठवतं ते एवढंच, की गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नव्हती. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती बराच वेळ हसली होती. सप्टेंबरात तिनं रजा मागितली होती, बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा झालं तेव्हा, आणि ती मिळाली नव्हती; अमेरिकन सरकारचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, तेव्हा तिथं कुणालाच रजा नसते. आणि आता एवढ्या मोठ्या देशाची संसद भांडत बसली होती आणि तिला रजा देत होती.

लिफ्टमध्ये शेजारची बाई होती. तिनं नेहमीसारखं हलकंसं हसून डोळे खाली वळवले. बारा दिवस लिफ्टमध्ये सगळे असेच डोळे वळवत होते. वर दार उघडंच होतं. आई बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून स्टीलची ताटं पुसत होती; उद्या बारा-पंधरा माणसं जेवायला होती.

"नारळ?" आई म्हणाली.

"राहिला. आई, ऑफिस उघडलं."

आईनं पुसतं ताट मांडीवर ठेवलं. "बिल झालं?"

"झालं. तात्पुरतं. जानेवारीअखेरपर्यंत."

"मग पुन्हा?"

"पुन्हा बघायचं. उद्या सातला बोलावलंय."

आई जराशी थांबली. ती मिरजेची, तिच्या थांबण्यातसुद्धा एक ठसका असे. "मग जा की. जयेश बसेल तुझ्या जागी. गुरुजींना मी विचारते, तुझ्या वतीनं बसलं तर चालतं. नाही कुठं म्हणतील ते?"

"अग्नी मी दिलाय."

"तो दिलास. आता उदकशांत हाय, ते कुणीही बसेल. नोकरी गेली तर काय करायचं, सांग. तुझ्या व्हिसावर मी इथं. दोघींनी जायचं कुठं? मिरजेत आता आपलं दार कुणाचं हाय?"

आईनं ताट उचललं आणि ते मघाशीच पुसलेलं असूनही पुन्हा पुसायला लागली. खोलीच्या कोपऱ्यात बाबांची आरामखुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. कुणी ठेवली, का, हे दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

पाचला अजून पुष्कळ वेळ होता. ती आपल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. कपाटाच्या डोक्यावर खोकी रचलेली होती: मिक्सरचं, इस्त्रीचं, तीन टीव्हींपूर्वीच्या टीव्हीचं. आखातातल्या प्रत्येक मराठी घरात ही खोकी असतात. जाताना सामान त्यातून न्यायचं असतं. तिचे आईबाबा, गुरुप्रसाद आणि अरुणा, दोन वर्षांसाठी म्हणून बहारिनला आले तेव्हा सावनी चार वर्षांची होती. बाबा मनामातल्या एका व्यापारी पेढीत हिशेबनीस होते. दोन वर्षं झाली, व्हिसा वाढला, पुन्हा दोन वर्षं. आईनं जड लाकडी कपाट कधी घेतलं नाही, कारण ते नेता येणार नाही. पडदे शिवले ते मिरजेच्या घराच्या खिडक्यांच्या मापाचे, म्हणून इथं ते कायम चार बोटं आखूड राहिले. पुढं मिरजेचं घर काकांकडं गेलं, पडदे आखूडच राहिले. बाबा या सगळ्याला हंगामी म्हणत. तो त्यांचा आवडता शब्द. मराठी मंडळात एकदा अध्यक्षपदावरून इतकं भांडण झालं की सभा मोडली, आणि तीन महिन्यांपुरती म्हणून एक हंगामी समिती नेमली गेली, बाबा तिचे चिटणीस. ती समिती अकरा वर्षं चालली. गणपती, कोजागिरी, नाटकं, सगळं तिनंच केलं. दरवर्षी सर्वसाधारण सभेत बाबा उभे राहून गंभीरपणे म्हणत, "समितीला पुढील निवडणुकीपर्यंत मुदतवाढ द्यावी, असा ठराव मी मांडतो," आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडे, "गुरुअण्णा, आता समितीच्या नातवाचं बारसं करा!" बाबा हसत नसत. ठराव वाचताना हसायचं नसतं, असं त्यांचं मत होतं. घरी आल्यावर मात्र शर्टाची बटणं सोडता सोडता त्यांचं पोट हलायला लागे.

म्हणूनच की काय, अमेरिकेची ती सगळी भानगड त्यांना शेवटच्या दिवसांत इतकी गोड लागली. सरकार बंद असलेल्या त्या आठवड्यांत सकाळी उठल्यावर त्यांचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसे. "काल काय झालं?" ते विचारत. सिनेटमध्ये तात्पुरतं खर्चाचं विधेयक पुन्हा पुन्हा मताला येई आणि पुन्हा पुन्हा पडे. बहुमत मिळे, पण साठ मतं लागत आणि साठ होत नसत. बाबांना हा नियम फार पसंत पडला होता. "बघ, जिंकले तरी हरले," ते म्हणत. "आपल्या मंडळात हा नियम असता तर मी मरेपर्यंत चिटणीस राहिलो असतो." मग गालातल्या गालात काहीतरी चघळल्यासारखं करून म्हणत, "आज पण नाही म्हणजे. अरेरे. वाईट झालं गं." आणि सावनी म्हणे, "हो ना. बघू, पुढच्या आठवड्यात." दोघं सुस्कारा टाकत. तो सुस्कारा तिचा खोटा होता, आणि ते तिला प्रत्येक वेळी टोचत असे. कारण देवापुढं कधी हात न जोडणारी सावनी त्या महिन्यात रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून, सीफच्या मॉलचे दिवे लागताना बघत, ते बिल पडावं म्हणून मागणं मागत होती. तिच्या शेजारच्या टेबलावरचा अर्सलान रोज विचारायचा, सिस्टर, काही बातमी? त्याच्या घरी पेशावरला सात माणसं त्याच्या पगाराकडं डोळे लावून होती. ती त्याला लिहायची, अजून नाही भाई, दुआ करो. आणि स्वतः उलटी दुआ करायची. तिकडं, अमेरिकेत, लोक धान्यासाठी रांगा लावत होते. टीव्हीवर दिसत होतं. तिला दिसत होतं. तरी ती मागत होती. तिनं मनाशी एक सौदा केला होता, कुणाला सांगता न येण्यासारखा, लहान मुलं फरशीच्या रेघांवर पाय न ठेवता चालतात तसला: जोवर ते बंद, तोवर बाबा.

बाबांना मात्र ते उघडायला हवं होतं. निदान तिची तशी समजूत होती. एकदा डायलिसिसहून परत येताना गाडीत ते म्हणाले होते, "माझ्यापायी अडकलीस बघ घरात. उघडू दे एकदाचं." खिडकीबाहेर बघत, सहज. ती गाडी चालवत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दिवसभर त्यांच्याजवळ होती. त्यांच्या बुटांच्या नाड्या ती बांधत होती, पाणी मोजून देत होती, बर्फाचा खडा चघळायला देत होती. दिवाळीत पहाटे तिनं त्यांच्या पायांना तेल लावलं होतं, सुजलेल्या पायांवर बोटांचे खड्डे पडत होते आणि ते म्हणत होते, "हळू, रंग उडेल." आणि हा माणूस तिनं ऑफिसला परत जावं म्हणून वाट बघत होता. लेकीच्या सोबतीपेक्षा लेकीची हजेरी त्याला मोठी. तिनं ते मनात कुठंतरी ठेवून दिलं होतं, आणि गेल्या बारा दिवसांत, रडायला बसलं की नेमकं तेच हाताला लागत होतं. बाकी काही लागत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी सखीरला न्यायला सांगितलं होतं. मोटारींच्या शर्यतीचा तो मोठा ट्रॅक, रिकामा, आणि पलीकडं वाळवंट. थंडीचे तंबू नुकतेच पडायला लागले होते. बहारिनी कुटुंबं सीझनभर तिथं तंबू ठोकून राहतात, जनरेटर, गालिचे, टीव्ही, सगळं घेऊन. एक म्हातारा खुंटा ठोकत होता. बाबा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "एवढी मोठी घरं सोडून हे लोक तंबूत येतात बघ," ते म्हणाले. "आमचं उलट."

"उलट म्हणजे?"

"काही नाही. एक घोट पाणी दे."

"मघाशी दिला की."

"तो सनाबिसचा होता. हा सखीरचा."

तिनं दिला. ते तोंडात धरून बसले, लगेच गिळला नाही. परतताना म्हणाले, सीफवरून घेऊ नको, गर्दी असेल, लांबच्या रस्त्यानं घे. दुपारचे अडीच वाजले होते, कुठंच गर्दी नव्हती. ती लांबच्या रस्त्यानं गेली.

आणि मग एका दुपारी, जेवणानंतर, ते झोपले ते झोपलेच. सरकार बंदच होतं. तिनं केलेला सौदा तिकडच्यांनी पाळला होता. मोडला तो इकडं. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस तिला सगळ्यांत जास्त जाणवलं ते हे, की आता बिल पडलं काय आणि झालं काय. रोज सकाळी टीव्ही तसाच लागत होता, आई लावायची. कुणीही विचारत नव्हतं, काल काय झालं. ऑफिसात तिनं कळवलं नाही. कामाचा फोन करायचा नाही, असं सांगितलं होतं. हा कामाचा फोन होता की नाही हे ठरवण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. अर्सलानचे मेसेज येत राहिले, तिनं उत्तर दिलं नाही.

दारावरची बेल वाजली. जयेश होता. बाबांच्या मंडळातल्या एका जुन्या मित्राचा मुलगा, अदलियात कुठल्याशा बँकेच्या छोट्या ऑफिसात नोकरीला, आणि अंत्यविधीपासून या घरची सगळी धावपळ त्यानंच अंगावर घेतली होती. त्याच्या काखेत केळीच्या पानांची गुंडाळी होती.

"अमेरिकेनं दुकान उघडलं म्हणे!" तो आत येता येता म्हणाला. "ताई, बघितलंस? रात्रभर चर्चा आणि शेवटी काय, तर हंगामी ठराव. अण्णा असते तर टाळ्या वाजवल्या असत्या."

"नसत्या वाजवल्या," आई म्हणाली. "पानं हिकडं दे. फाटलीत का?"

"मावशी, मनामाच्या बाजारातून गाडीत मांडीवर घेऊन आलोय. बायकोलासुद्धा इतकं जपून नेलं नाही कधी."

"तिला सांगते."

"सांगा. तिला माहितीय." तो खाली बसला, घाम पुसला. "तर उद्या. गुरुजी आठला येणार. ताई, तू ऑफिसला जाणार असशील तर मी बसतो, टेन्शन घेऊ नकोस. सोवळं आहे माझ्याकडं, लग्नातलं. बांधता येत नाही, पण आहे. आणि आचारी विचारतोय, अण्णांना आवडणारा एक पदार्थ हवा पानात. काय सांगू?"

आई विचारात पडली. "पूर्वीचं सांगू की आत्ताचं?"

"आत्ताचं सांगा."

"आत्ताचं काय सांगायचं बाबा. काही जातच नव्हतं. सगळं नको. बिल पडलं की मात्र काहीही खायचे."

सावनी दारात उभी होती. "काय?"

"बिल गं. तुझं ते अमेरिकेचं." आईनं पान उलगडून त्यावरून ओलं फडकं फिरवलं. "तू सकाळी आंघोळीला गेलीस की मला हळूच विचारायचे, पडलं का? मला कुठं काय कळतंय त्यातलं, पण ती टीव्हीवरची बाई पट्टी दाखवायची की खाली. मी म्हणायची, पडलं. मग म्हणायचे, वाढ जरा भात. तूप घाल. डॉक्टरांनी नको म्हटलेलं लोणचंसुद्धा मागायचे, बोटभर. मी द्यायची."

"मला तर वाईट झालं म्हणायचे."

"तुझ्यादेखत म्हणायचे." आईनं पान बाजूला ठेवून दुसरं घेतलं. "तुझा जीव कामात, असं त्यांना वाटायचं. पोरगी घरात बसून कुढते, आणि आपण खूश व्हायचं, बरं दिसतं का, म्हणायचे. एकदा सुट्टी होती त्यांच्या त्या सभेला, मतच झालं नाही. दिवसभर काही खाल्लं नाही बघ त्या दिवशी. मला म्हणाले, अरुणा, आज निकाल राखून ठेवलाय."

जयेश हसायला लागला आणि मग मधेच थांबला. सावनी त्याच्याकडं बघत नव्हती. ती आईच्या हाताकडं बघत होती, ओलं फडकं पानाच्या शिरेवरून एका दिशेनं जात होतं, देठाकडून टोकाकडं. तिला वाटलं, आई हे आत्ता रचतेय. मग वाटलं, निकाल राखून ठेवलाय हे आईला रचता येणार नाही. ते त्यांचंच आहे. आणि मग वाटलं, एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर आईलाही येत असेल. लांबच्या रस्त्यानं घे. सखीरचा घोट. सकाळच्या त्या सुस्काऱ्यांची तिला आठवण झाली, एका टेबलाशी समोरासमोर बसून दोन शहाण्या माणसांनी एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून टाकलेले सुस्कारे, आणि भिंतीपलीकडं आई, दोघांचंही ऐकत, भात वाढत. तिला रडू आलं नाही. ती तिथंच, दाराच्या चौकटीला पाठ लावून, खाली बसली.

"काय गं?" आई म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुझं बिल व्हावं म्हणून तू वाट बघत होतीस. तुला काय सांगू, बाप तुझं वाईट चिंततोय म्हणून?"

जयेशनं पाण्याचा तांब्या आपणहून शोधला आणि आपणहून प्यायला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजत आले होते. त्यानं ते पाहिलं, सावनीनं पाहिलं, आईनं पाहिलं नाही. "ताई," तो म्हणाला, "मेसेज टाक. हो म्हणून टाक. अण्णा नियमाचे माणूस होते, त्यांना चाललं असतं."

तिनं फोन हातात घेतला. मेसेज लिहायला लागली आणि मग पुसून फोनच लावला. मुख्तारभाई जुन्या मनामातले बहारिनी. त्यांचं हिंदी सिनेमांवर आणि सिंधी व्यापाऱ्यांवर पोसलेलं. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सिस्टर! मबरूक! कल सात बजे, यल्ला!"

"मुख्तारभाई, कल मैं नहीं आ सकती. परसों आऊँगी."

"कल मफी? सिस्टर, आज पाँच बजे गेट को लिस्ट जाएगा. जिसका नाम नहीं, उसका बॅज खलास. मेरे हाथ में नहीं है."

"कल मेरे पिताजी का तेरहवाँ है."

पलीकडं मागं कुणीतरी अरबीत मोठ्यानं बोलत होतं, ते थांबलं. मुख्तारभाईंनी दार लावलं असावं. "कब हुआ?"

तिनं सांगितलं.

"तुम बोला क्यों नहीं?"

"आपने कहा था, काम का फोन नहीं करना."

"वो काम का फोन, सिस्टर. मौत का फोन..." मग हळू आवाजात मृतासाठीची दुआ म्हणाले, "अल्ला यर्हमा." जरा वेळानं पुन्हा त्यांच्या साहेबी आवाजात, "सुनो. मैं बोलेगा ऊपर. लेकिन झूठ नहीं बोलेगा तुमको. पैसा जनवरी तक का है, उतने में छह हफ्ते का रुका हुआ काम निकालना है. कंपनी को कल आदमी चाहिए. दूसरे का नाम तैयार पड़ा है मेरे टेबल पे. तुम्हारा भाई-वाई नहीं है? कोई बैठ जाए तुम्हारे बदले?"

"है," सावनी म्हणाली. जयेशनं मान वर केली. "बैठ सकता है."

"तो फिर?"

खोलीत केळीच्या ओल्या पानांचा वास पसरला होता. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, गेल्या बारा दिवसांचं नव्हे, त्याच्याही मागचं, दर दोन वर्षांनी कुठल्यातरी खिडकीपुढं उभं राहून मुदत वाढवून घेण्याचं. उद्या सातला गेलं तर आणखी अडीच महिने मिळतील. त्यानंतर पुन्हा कुणीतरी मतं मोजेल. आणि उद्या आठला गुरुजी येतील, त्यांच्यासमोर पाटावर जयेश बसेल, सोवळं नीट न बांधलेला, आणि नाव घेईल तिच्या बापाचं.

"तो नहीं," ती म्हणाली. "मैं ही बैठूँगी. आप दूसरा नाम भेज दीजिए."

"सोच के बोलो, सिस्टर. रेसिडेन्स का भी सवाल है. माँ है तुम्हारे साथ."

"माँ सामने बैठी है. भेज दीजिए."

मुख्तारभाई म्हणाले, "ठीक. मैं फिर भी बोलेगा ऊपर. इंशाल्ला." हा इंशाल्ला होकाराचा की नकाराचा, हे इतकी वर्षं इथं काढलेल्या माणसाला आवाजावरून कळतं. तिला कळलं. तिनं शुक्रिया म्हटलं आणि फोन ठेवला.

जयेश उठला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "मग आचाऱ्याला काय सांगू?"

"भात," सावनी म्हणाली. "तूप. आणि लोणचं."

"तेराव्याला लोणचं?"

"सांग की तू," आई म्हणाली. जयेश मान हलवून, बूट पायात अडकवून गेला. दार लागलं. दोघीच राहिल्या. आईनं शेवटचं पान पुसलं, सगळी पानं एकावर एक नीट रचली आणि त्यांच्यावर ओलं फडकं अंथरलं, रात्रभर वाळू नयेत म्हणून. मग गुडघ्यावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली. ती रागावेल, रडेल, मिरजेचं काढेल, असं सावनीला वाटत होतं.

"हे असते," आई शेवटी म्हणाली, "तर तुझ्यावर इतके चिडले असते. नोकरी म्हणजे काय पोरखेळ वाटला का, म्हणाले असते. आवाज चढवला असता."

"हो."

"तास, दीड तास बोलले नसते तुझ्याशी."

"आणि मग?"

आईनं पदरानं हात कोरडे केले. "मग काय," ती म्हणाली, "मला आत येऊन म्हणाले असते, वाढ."